नाट्यगृहाच्या तारखांचे वाटप

नाट्यप्रयोग, मैफल, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा सत्कार समारंभ यांसाठी संयोजकांकडून आलेल्या मागणीवर नाट्यगृहाचे व्यवस्थापन ज्या रीतीने निर्णय देते, ती पद्धत. बहुतेक मराठी नाट्यसंस्थांकडे स्वतःचे रंगमंदिर नसल्याने नाटकाचा दौरा आणि त्याची जाहिरात याच निर्णयावर अवलंबून असते. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) व ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन (१९७८) महापालिकांच्या ताब्यात आहेत, तर दादरचे शिवाजी मंदिर विश्वस्त संस्था चालवते.

तारीख दिवसाची नव्हे, तर सत्राची दिली जाते. सकाळ, दुपार व रात्र अशी सत्रे असतात आणि शनिवार-रविवारच्या सत्रांसाठी सर्वाधिक ओढाताण होते. पुण्यात महापालिकेच्या नाट्यगृहांत काही महिन्यांच्या तारखा एकत्र वाटण्याची पद्धत रूढ आहे. अशा वाटपात सरळ होकार किंवा नकार क्वचितच मिळतो. रविवार दुपार मागणाऱ्या निर्मात्यापुढे बुधवारची रात्र ठेवली जाते आणि ती घ्यायची की नाही, हे तिकीटविक्रीचा अंदाज बांधून त्याने ठरवायचे असते. मिळालेल्या तारखा निर्माते आपसांत बदलूनही घेतात. ही सोय व्यवसायाला उपयोगी असली, तरी तारखा अडवून ठेवल्या जातात ही तक्रारही तिच्यातूनच उद्भवते.

मागणी तपासताना नेपथ्याचा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. दुपारचे नाटक संपल्यावर त्याचा सेट उतरवून मागच्या दाराने टेम्पोत चढवायचा आणि रात्रीच्या नाटकाचा सेट लावून प्रकाशयोजना जुळवायची, हे सारे दोन प्रयोगांमधल्या अल्प अवधीत उरकावे लागते. म्हणून अवजड नेपथ्याच्या प्रयोगाला लागूनचे सत्र देताना अनुभवी व्यवस्थापक हात आखडता घेतो. नवख्या संयोजकाला हे आडमुठेपण वाटते, पण ते बहुधा रास्त असते.

तारीख निश्चित झाल्यावर भाडे, अनामत रक्कम व वस्तू आणि सेवा कर भरावा लागतो. नाटकासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या शासकीय मंडळाचे, प्रमाणपत्रही लागते. नाटकेतर कार्यक्रमांसाठी भाड्याचा दर सामान्यतः चढा असतो. त्यांतून उत्पन्न अधिक मिळत असल्याने ऐन सुट्टीच्या तारखा त्यांना द्याव्यात की नाटकांना, हा वाद महापालिकांच्या नाट्यगृहांत वारंवार निघतो.