चिकटत नाही, म्हणजे चुंबकीय नाही का? पदार्थांच्या चुंबकीय गुणधर्मांच्या नमुना-पेटीसोबतचे माहितीपत्रक

आमच्या नमुना-पेटीविषयी सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते. बारापैकी आठ नमुन्यांवर चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही, तेव्हा ते बदलून द्यावेत, असे आम्हाला कळवले जाते. तक्रार करणाऱ्या शिक्षकांना आम्ही दोष देत नाही. लहान वर्गांत आपण सर्वांनीच वहीत दोन रकाने आखून डावीकडे ‘चुंबकीय’ आणि उजवीकडे ‘अचुंबकीय’ असे लिहिले आहे, आणि टाचण्या व लाकडाच्या ढलप्या वेगळ्या करण्यापुरती ती विभागणी उपयोगाचीही असते. मात्र भौतिकशास्त्राच्या वरच्या वर्गात उजवीकडचा रकाना मोडून काढावा लागतो, कारण चुंबकीय क्षेत्राला मुळीच प्रतिसाद न देणारा पदार्थ व्यवहारात सापडत नाही. पेटीतील ते आठही नमुने प्रतिसाद देतात, पण इतका क्षीण की तो हाताला जाणवत नाही. तो डोळ्यांना दिसेल अशी मांडणी कशी करावी आणि दिसल्यावर त्याचा अर्थ काय लावावा, हे या पत्रकात सांगितले आहे.

पेटीत मऊ लोखंड, पोलाद, निकेल, स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या, अॅल्युमिनियम, तांबे, बिस्मथ, ग्राफाइट, मोरचुदाचा एक मोठा स्फटिक, मँगनीज डायऑक्साइडची बंद नळी आणि पाणी भरलेली काचेची नळी असे बारा नमुने आहेत. सोबत २० मिलिमीटर व्यासाच्या दोन निओडिमियम चुंबकांच्या चकत्या आणि रेशमी धागा दिला आहे.

प्रतिसाद मोजायचा तो कशाने?

पदार्थावर चुंबकीय क्षेत्र लावले असता त्यात किती चुंबकत्व निर्माण होते, हे सांगणाऱ्या संख्येला चुंबकीय ग्रहणशीलता म्हणतात. वर्गात ती ससेप्टिबिलिटी याच नावाने जास्त ओळखली जाते. या संख्येचे चिन्ह आणि तिचा आकार या दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ झाले. पाण्याची ग्रहणशीलता सुमारे −०.०००००९ असून तांब्याचीही त्याच्याच आसपास आहे. बिस्मथची सुमारे −०.०००१६६, तर अॅल्युमिनियमची सुमारे +०.००००२२ भरते. मऊ लोखंडाबाबत मात्र हाच आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जातो, शिवाय तो लावलेल्या क्षेत्राप्रमाणे बदलतही राहतो. म्हणजे लोखंड आणि अॅल्युमिनियम यांच्या प्रतिसादांत कोट्यवधी पटींचे अंतर आहे. चुंबक हातात धरून अॅल्युमिनियमची ओढ जाणवत नाही, याचे कारण एवढेच आहे.

ऋण चिन्हाचे पदार्थ प्रतिचुंबकीय, म्हणजेच डायामॅग्नेटिक होत. बाहेरून क्षेत्र लावले की अणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या गतीत सूक्ष्म फरक पडतो आणि तो लावलेल्या क्षेत्राला विरोध करणारा असतो. हा परिणाम प्रत्येक पदार्थात होतो, मात्र ज्यांच्यात दुसरा प्रबळ परिणाम नसतो त्यांच्यातच तो उघड दिसतो. अणूत किंवा आयनात अयुग्मित, म्हणजे जोडीदार नसलेला, इलेक्ट्रॉन असेल तर तो अणू स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. असे चुंबक क्षेत्राच्या दिशेने थोडेसे कलतात, उष्णतेने सतत विस्कटतात, आणि त्यामुळे पदार्थाला लहानशी धन ग्रहणशीलता येते. हे समचुंबकीय, म्हणजेच पॅरामॅग्नेटिक पदार्थ होत. यांपैकी पुष्कळ पदार्थांची ग्रहणशीलता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे पिएर क्यूरी यांनी १८९५ साली दाखवले. अॅल्युमिनियम मात्र या नियमाला फारसे जुमानत नाही, कारण त्याचे समचुंबकत्व धातूत मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे येते आणि ते तापमानाने फारसे बदलत नाही. परीक्षेत हा फरक सहसा विचारला जात नाही, पण चौकस विद्यार्थी तो विचारल्यावाचून राहत नाही.

पेटीतला आमचा आवडता नमुना मोरचुदाचा स्फटिक आहे. धातूरूप तांबे प्रतिचुंबकीय असते, पण त्याच तांब्याचा मोरचूद झाला की चिन्हच पालटते. मोरचुदातील तांब्याच्या आयनाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि त्याच्याजवळ एक अयुग्मित इलेक्ट्रॉन उरतो. या स्फटिकाची ग्रहणशीलता सुमारे +०.०००१७ भरते, म्हणजे बिस्मथच्या जवळजवळ बरोबरीची, फक्त उलट चिन्हाची. चुंबकत्व हा मूलद्रव्याला कायमचा चिकटलेला गुण नसून इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवर ठरणारा गुण आहे, हे तांब्याची कांडी आणि मोरचुदाचा खडा शेजारी ठेवून जितके पटते तितके फळ्यावर लिहून पटत नाही.

क्षीण प्रतिसाद दिसावा म्हणून

पहिली मांडणी टांगण्याची आहे. सोबतच्या रेशमी धाग्यातून एकच तंतू सोडवून घ्यावा, कारण पीळ असलेला धागा नमुन्याला स्वतःच फिरवतो आणि पाहणाऱ्याला ते चुंबकाचे काम वाटते. त्या तंतूने बिस्मथची कांडी आडवी टांगून वाऱ्यापासून बचावासाठी तिच्यावर काचेची बरणी उपडी ठेवावी, आणि कांडी पूर्ण स्थिर झाल्यावर बरणीच्या बाहेरून एक चकती तिच्या एका टोकाजवळ न्यावी. दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही, मग ते टोक संथपणे मागे सरू लागते. चकती उलटी करून दुसरा ध्रुव समोर आणला तरी टोक मागेच जाते, आणि खरे पाहता प्रयोगाचा गाभा इथेच आहे : प्रतिचुंबकीय पदार्थ दोन्ही ध्रुवांपासून दूर ढकलला जातो. बिस्मथचे हे वागणे अठराव्या शतकातच नोंदले गेले होते, तरी त्याला व्यापक नियमाचे रूप १८४५ मध्ये मायकेल फॅराडे यांनी दिले. शिसेयुक्त जड काचेचा तुकडा प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये आडवा वळतो हे पाहून त्यांनी एकामागून एक असंख्य पदार्थ तपासले. बिस्मथच्या जागी मोरचूद टांगला की हालचाल तितकीच संथ, पण चकतीच्या दिशेने होते.

दुसरी मांडणी वजनकाट्याची असून तिच्यावर आकडे मिळतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर किमान १५ सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर चकती ठेवावी. ठोकळा वगळू नये, कारण पुष्कळ काट्यांच्या आत पोलादी भाग किंवा चुंबक असतात आणि चकती जवळ आल्यास आकडा भरकटतो. आकडा शून्यावर आणून नमुना वरून हळूहळू खाली आणावा आणि चकतीपासून सुमारे एक मिलिमीटरवर स्टँडमध्ये पक्का करावा. चकती नमुन्याकडे ओढली गेली तर ती हलकी होते आणि आकडा उणे जातो, ढकलली गेली तर आकडा वाढतो. बिस्मथ व मोरचूद यांचा फरक स्पष्ट दिसतो, अॅल्युमिनियमचा शेवटच्या अंकात जेमतेम उमटतो, आणि तांबे किंवा पाणी यांच्यासाठी ०.००१ ग्रॅमचा काटा असल्यास बरे.

पाण्यासाठी एक सोपी युक्तीही आहे. पसरट बशीत पाण्याचा पातळ थर घेऊन चकती पृष्ठभागाच्या अगदी जवळ वर धरावी आणि खिडकीच्या गजांचे पाण्यातील प्रतिबिंब पाहावे. पाणी चकतीखाली मिलिमीटरच्या काही शतांशांइतकेच दबते, पण गजाची सरळ रेषा तेवढ्यानेही वाकडी दिसते. हेच प्रतिचुंबकत्व पुरेसे वाढवले तर वजनही पेलते. १९९७ साली सुमारे १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात जिवंत बेडूक हवेत तरंगवण्यात आला, आणि त्याला तोलून धरणारे मुख्यतः त्याच्या शरीरातले पाणीच होते.

लोखंड आणि त्याचे सोबती

मऊ लोखंड, पोलाद आणि निकेल हे लोहचुंबकीय, म्हणजेच फेरोमॅग्नेटिक पदार्थ आहेत. यांतील शेजारचे अणू परस्परांना एका दिशेत धरून ठेवतात आणि त्यांचे सूक्ष्म प्रदेश, म्हणजे डोमेन, तयार होतात. ही कल्पना पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. चुंबक नसलेल्या लोखंडात हे प्रदेश वेगवेगळ्या दिशांना असतात, आणि क्षेत्र लावले की अनुकूल प्रदेश शेजाऱ्यांना गिळत वाढतात. मऊ लोखंडात प्रदेशांच्या सीमा सहज सरकतात व क्षेत्र काढल्यावर सहज मागेही येतात, म्हणून विद्युतचुंबकाचा गाभा त्याचा करतात. पोलादात त्या अडकून राहतात, म्हणून पोलादाचा तुकडा घासल्यावर चुंबक होऊन बसतो. पेटीतील दोन्ही कांड्या चकतीवर सारख्याच वेळा घासून टाचण्यांजवळ नेल्या म्हणजे हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

तापवल्यावर अणूंची ही एकजूट ठरावीक तापमानाला मोडते आणि पदार्थ समचुंबकीय होतो. हे क्यूरी तापमान लोखंडासाठी सुमारे ७७० अंश सेल्सिअस, कोबाल्टसाठी सुमारे ११२० अंश, तर निकेलसाठी सुमारे ३५८ अंश आहे. म्हणूनच स्पिरिटच्या दिव्यावर निकेलचा प्रयोग जमतो. निकेलची तार चुंबकाने बाजूला ओढलेली ठेवून तापवली की ती सुटून सरळ लोंबते आणि निवल्यावर पुन्हा ओढली जाते. यासाठी सोबतच्या चकत्या वापरू नयेत, कारण साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचे अशक्त होऊ लागतात.

स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या दिसायला सारख्याच आहेत. एक चुंबकाला चिकटते. दुसरीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असून तिची स्फटिकरचना वेगळी असल्याने ती चिकटत नाही. मात्र हीच पट्टी एका जागी दहा-वीस वेळा वाकवून सरळ केली, तर त्या ठिकाणची रचना काही अंशी बदलते आणि तिथे चकतीची किंचित ओढ जाणवू लागते.

फसवणारे परिणाम

अॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावरून चुंबक घसरवला की तो अडखळत सरकतो, आणि हे अॅल्युमिनियमचे समचुंबकत्व आहे असे बरेचदा सांगितले जाते. ते खरे नाही. हलत्या चुंबकामुळे पत्र्यात भोवरा प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि तेच गतीला विरोध करतात. चुंबक थांबला की हा परिणाम नाहीसा होतो, म्हणून काट्यावरील आकडा नमुना पूर्ण स्थिर झाल्यावरच वाचावा. प्लॅस्टिकची पट्टी किंवा कोरडे कापड जवळ असल्यास स्थिर विद्युतही टांगलेला नमुना फिरवते.

लोखंडाचा कीस मात्र या सर्वांहून वाईट. आमच्या पहिल्या खेपेतील बिस्मथच्या कांड्या लोखंड कापणाऱ्या करवतीनेच कापल्या गेल्या होत्या आणि त्या चुंबकाकडे ओढल्या जात होत्या, आणि चूक पूर्णपणे आमची होती. आता प्रतिचुंबकीय नमुन्यांसाठी वेगळी हत्यारे वापरली जातात. तरीही नमुने टाचण्यांच्या डबीत ठेवू नयेत, आणि शंका आल्यास पृष्ठभागावर चिकटपट्टी दाबून ओढून काढावी.

चकत्या ठिसूळ आहेत व एकमेकींवर आदळून त्यांचे कपचे उडतात, म्हणून त्या दूर ठेवाव्यात. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने त्या हाताळू नयेत, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण एकाहून अधिक चुंबक गिळले गेल्यास आतड्याला गंभीर इजा होते. मोरचूद विषारी आहे आणि मँगनीज डायऑक्साइडची पूड श्वासातून जाणे अपायकारक आहे, त्यामुळे ती नळी उघडू नये. चिकटपट्टीने स्वच्छ केल्यानंतरही बिस्मथची कांडी चुंबकाकडे ओढली गेली, तर ती पेटीसह परत पाठवावी, आम्ही ती बदलून देऊ.