किलिमांजारोच्या पाटांचं पाणी बर्फाचं नव्हे
किलिमांजारोवरचा बर्फ संपला की पायथ्याची टांझानियातली शेती सुकेल, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. १९१२ मध्ये सुमारे १२ चौरस किलोमीटर असलेला बर्फ आता २ पेक्षाही कमी उरलाय, आणि त्या थंड, कोरड्या उंचीवर त्यातला बराचसा न वितळता थेट वाफ होऊन उडतो. तिथल्या चग्गा समाजाच्या शेतकऱ्यांच्या केळी-कॉफीला पाटाने मिळणारं आणि पायथ्याच्या मोशी शहराखालच्या भाताला लागणारं पाणी मुख्यतः उतारावरच्या जंगलातल्या पावसाचं. ते ज्वालामुखी खडकात मुरतं, खाली झऱ्यांतून निघतं. तेव्हा काळजी करायची ती वणव्यांची, जंगलतोडीची. पाटांचीही: कच्चा पाट वाटेतच पाणी झिरपवतो, आणि गाळ उपसला नाही तर शेवटचं शेत कोरडंच राहतं.