अंदाज किती किलोमीटरनं चुकला?

२०१९ च्या जूनमध्ये सोलापूर जिल्हा पावसासाठी आसुसलेला होता. आदल्या वर्षीच्या दुष्काळामुळे सांगोला-मंगळवेढ्याकडच्या चारा छावण्या अजून सुरू होत्या. उजनी धरण मायनसमध्ये होतं, म्हणजे त्यातला वापरण्याजोगा साठा संपला होता. मान्सून केरळात आला तोच मुळी ८ जूनला, म्हणजे उशिरा. त्यातच अरबी समुद्रात ‘वायू’ चक्रीवादळ उठलं आणि गुजरातच्या दिशेनं निघालं. सोलापूरपासून कोकण किनारा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर लांब, गुजरात तर त्याहून कितीतरी पुढे. तरी हवामानाचा नाद असलेली इथली आम्ही मंडळी दिवसभर उपग्रहाची चित्रं उघडून बसलेलो असायचो. कारण साधं आहे. समुद्रातलं असं वादळ आजूबाजूचं बाष्प स्वतःकडे ओढून घेतं आणि मान्सूनची पुढची चाल अडखळते. वादळ गुजरातचं, पण त्याच्यामुळे खोळंबणारी पेरणी आमची.

वायू १३ जूनला वेरावळ-पोरबंदरच्या आसपास किनाऱ्यावर धडकेल, असा अंदाज होता. गुजरात सरकारनं अडीच लाखांहून जास्त माणसं सुरक्षित जागी हलवली, रेल्वेगाड्या आणि विमानं रद्द झाली. आणि ऐन वेळी वायू पश्चिमेकडे कलला. किनाऱ्याला समांतर सरकत तो समुद्रातच राहिला. पुढे काही दिवस रेंगाळून तिथंच विरत गेला.

इकडे आमच्यात दोन तट पडले. काही जण संतापले. एवढे उपग्रह, एवढे संगणक, आणि शेवटच्या रात्रीपर्यंत वादळ कुठं जाणार हे सांगता येऊ नये? दुसऱ्यांचं म्हणणं, लोक वाचले हे महत्त्वाचं, अंदाज चुकला तर चुकला. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं: “वादळबी गेलं आन् पाऊसबी गेला.”

मला दोन्ही तट अपुरे वाटतात. ‘चुकला’ हा शेवटचा शब्द नाही. तिथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो: किती चुकला, कुठल्या दिशेला चुकला, आणि का?

चक्रीवादळ स्वतःच्या मर्जीनं फारसं चालत नाही. त्याच्या भोवतीचे आणि वरच्या थरांतले मोठे वारे त्याला ढकलत नेतात. एका बाजूला जास्त दाबाचं क्षेत्र पक्कं बसलेलं असेल, तर वादळ त्याच्या कडेनं जातं आणि अंदाज बांधणं सोपं होतं. अडचण येते ती वादळ अशा दोन क्षेत्रांच्या मध्ये सापडलं की. दोन्हीकडचे वारे त्याला वेगवेगळ्या दिशांना ओढतात, ढकलणारा जोर क्षीण होतो, वादळ मंदावतं. मग वाऱ्याच्या मोजमापातली बारीकशी चूकही त्याची दिशा पालटू शकते. त्यात अरबी समुद्रावर मोजमापं कमी. अमेरिकेत वादळाच्या पोटात विमानं घालून दाब आणि वारा मोजतात. आपल्याकडे अशी नियमित सोय नाही. वादळाचा जोर आपण मुख्यतः उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या आकारावरून ठरवतो. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवलेली ही पद्धत उत्तम आहे, पण शेवटी तो अंदाजच, आणि त्या अंदाजाच्या पायावर पुढचा अंदाज उभा राहतो.

वायूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. ती म्हणजे भूमिती. सौराष्ट्राचा दीवपासून द्वारकेपर्यंतचा किनारा आग्नेयेकडून वायव्येकडे जातो. वायूची चालही जवळजवळ त्याच रोखानं होती. वादळ किनाऱ्यावर काटकोनात येत असेल, तर मार्ग पन्नास किलोमीटर सरकला तरी धडकेची जागाही साधारण तेवढीच सरकते. २०१३ मध्ये ओडिशाच्या गोपाळपूरजवळ आलेलं ‘फायलिन’ असंच बऱ्यापैकी समोरून आलं होतं. पण वादळ किनाऱ्याला समांतर धावत असेल, तर मार्गाचा कोन जरासा बदलला की धडकेची जागा शेकडो किलोमीटर हलते, किंवा धडक होतच नाही. म्हणजे मार्गाचा अंदाज तितकाच चांगला असला, तरी एका किनाऱ्यावर तो अचूक ठरतो आणि दुसऱ्यावर सपशेल फसल्यासारखा दिसतो.

आकड्यांत सांगायचं, तर भारतीय हवामान खात्याची चक्रीवादळाच्या मार्गातली सरासरी चूक अलीकडच्या वर्षांत २४ तास आधी सुमारे ७५ किलोमीटर आणि ७२ तास आधी दीडशेच्या पुढे राहिली आहे. ७५ किलोमीटर म्हणजे सोलापूर ते पंढरपूर. दोन दशकांपूर्वी एका दिवसाच्या अंदाजातली चूक याच्या जवळपास दुप्पट होती. ही प्रगती खरी आहे. पण किनाऱ्यावरच्या गावाला सोलापूर-पंढरपूर हे अंतर म्हणजे घर राहणं आणि घराचे पत्रे उडणं यातला फरक असतो.

याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. हवामान खात्याचा अंदाज होता की ते हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. ते ओलांडलं श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यांसह. मुंबई बऱ्यापैकी वाचली आणि संध्याकाळपर्यंत ‘काहीच झालं नाही, उगाच घाबरवलं’ असा सूर सोलापुरातही ऐकू आला. त्याच वेळी श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. त्यामुळे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वादळाच्या केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्रावरून जमिनीकडे घुसतो, लाटा घेऊन. उत्तरेला तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. मुंबई केंद्राच्या उत्तरेला राहिली. केंद्र थोडं वर सरकून मुंबईच्या उत्तरेला गेलं असतं, तर त्या दिवशीच्या बातम्या फार वेगळ्या असत्या. या अंदाजाला चुकीचा म्हणणं मला अन्याय वाटतो. बातम्यांनी ‘मुंबई’ हा एकच शब्द उचलला, आणि लोकांनी अंदाज त्या शब्दावर तपासला.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत हिमवादळ येणार होतं. न्यूयॉर्कमध्ये वीस ते तीस इंच बर्फ पडेल, असा इशारा होता. शहराची भुयारी रेल्वे बंद ठेवली गेली. सेंट्रल पार्कमध्ये पडला ९.८ इंच. वादळ अपेक्षेपेक्षा थोडं पूर्वेला, समुद्राच्या बाजूला सरकलं होतं. बोस्टनमध्ये मात्र दोन फूट बर्फ साचला. फिलाडेल्फिया भागाच्या हवामान कार्यालयाच्या प्रमुखांनी जाहीर माफीसुद्धा मागितली. तिथल्या हौशी निरीक्षकांनी नंतर जे केलं ते मला फार आवडलं: अंदाजाचं गणित करणाऱ्या कुठल्या संगणकी प्रारूपानं वादळ किती पश्चिमेला ओढलं होतं आणि कुठल्यानं किती पूर्वेला ठेवलं होतं, याचा हिशेब ते मांडत बसले. रागावले तेही, पण हिशेबही केला.

आपण हा हिशेब सोलापुरात बसून का करायचा? कारण आपल्यापर्यंत वादळाचा वारा येत नसला, तरी त्याची चूक येते. १३ ऑक्टोबर २०२० ला सकाळी बंगालच्या उपसागरातलं डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं कमी दाबाचं क्षेत्र, काकीनाड्याजवळ आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. अशी प्रणाली जमिनीवर आली की विरते, असं आपण धरून चालतो. ही विरली नाही. पावसाळा नुकताच सरत होता, जमीन ओलीचिंब होती, आणि ओल्या जमिनीतून मिळणारं बाष्प अशा प्रणालीला काही काळ जगवू शकतं. हैदराबाद पाण्यात घालून ती कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवर आली. १४ तारखेला सोलापूर जिल्हा झोडपून निघाला, भीमेला पूर आला. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. काढणीला आलेलं सोयाबीन, ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागा, डाळिंब, सगळ्याचं नुकसान झालं. पुढे हीच प्रणाली अरबी समुद्रात उतरून पुन्हा जोर धरती झाली.

पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा डिप्रेशनमध्ये सर्वांत जास्त पाऊस साधारणपणे केंद्राच्या नैऋत्येला पडतो. आता ती ७५ किलोमीटरची चूक इथं लावून पाहा. केंद्र सोलापूर शहरावरून गेलं, तर जोर मंगळवेढा-जतकडे. तेच उत्तरेला बार्शी-धाराशिवच्या बाजूनं गेलं, तर तोच पाऊस सीना नदीच्या खोऱ्यात. किनाऱ्यावर जी चूक गावांची असते, ती आपल्याकडे पोहोचेपर्यंत नद्यांची होते.

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘शक्ती’ वादळाच्या बातमीनं जिल्ह्यात पोटात गोळा आला, ते मला पूर्ण समजतं. सप्टेंबरमध्ये सीनेनं माढा, करमाळा, मोहोळमधली गावं पाण्याखाली घातली होती, घरातला गाळसुद्धा निघाला नव्हता. ‘शक्ती महाराष्ट्रावर’ अशा मथळ्यांचे मेसेज फिरले. शक्ती पश्चिमेकडे, किनाऱ्यापासून दूर गेलं आणि समुद्रातच क्षीण झालं. पुन्हा तोच सूर: हवामानवाले चुकले. पण खात्याच्या नकाशावर वादळाची दिशा आधीपासूनच पश्चिमेची होती. महाराष्ट्राला दिलेला इशारा किनाऱ्यालगतच्या सोसाट्याच्या वाऱ्याचा आणि खवळलेल्या समुद्राचा होता, मच्छीमारांसाठी मोलाचा. मथळा चुकला, त्याची शिक्षा अंदाजाला झाली.

खोट्या धोक्याची किंमत असते, हे मी नाकारत नाही. ‘लांडगा आला रे’ दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणी घर सोडत नाही. पण ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि फायलिनच्या वेळी जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवल्यामुळे मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. वायूच्या वेळी गुजरातमध्ये हललेल्या लोकांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांच्या वाट्याला वादळ आलं नाही, इतकंच.

हवामान खातं प्रत्येक चक्रीवादळानंतर अहवाल काढतं आणि त्यात १२, २४, ४८ तास आधीच्या अंदाजात किती किलोमीटरची चूक झाली, ते स्वतःच छापतं. चक्रीवादळाबद्दल मत देणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी तो तक्ता वाचावा असं मला मनापासून वाटतं. मे २०२५ पासून खात्याकडे नकाशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाचं गणित करणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ आहे. तिच्यामुळे घाट, खोरी, लहान ढगसमूह जास्त स्पष्ट दिसतील. समुद्रावरच्या तुटपुंज्या मोजमापांची उणीव मात्र चौकट बारीक केल्यानं भरून निघत नाही.

उपसागरात पुढचं डिप्रेशन तयार झालं की आमची मंडळी नकाशावर दाखवलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना ७५ किलोमीटरचा पट्टा आखतात आणि भीमा, सीना, बोरी यांपैकी कुठल्या नदीचं खोरं त्या पट्ट्यात येतं ते पाहतात. पाऊस थांबल्यावर महसूल मंडळांचे आकडे गोळा करायचे, एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे अतिवृष्टीत, कुठली मंडळं गेली ते त्याच नकाशावर लावायचं, आणि पाऊस पट्ट्याच्या कुठल्या बाजूला पडला ते तारखेसह लिहून ठेवायचं.