तासाला सतरा आपट्या

मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा 45 अंशांपर्यंत चढला की आमचा सगळा संसार कूलरच्या एका खोलीत येतो. थोरली अडीच वर्षांची, धाकटा तेरा महिन्यांचा, चालायला लागून जेमतेम पंधरा दिवस झालेले. परवा मी नुसती दाराची कडी लावायला वळले. तेवढ्यात धाकटा दोनदा आपटला, उठला, कूलरपाशी पोचला आणि थोरलीने मोठ्या मायेने त्याच्या तोंडाशी फल्लीदाणा नेला.

आपटण्याबद्दल मी कुरकुरले तर सासूबाई म्हणाल्या, "पडन नाई तं चालन कसा पोट्टा?"

आकडे सासूबाईंच्या बाजूने आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरेन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. 2012 साली छापून आलेला हिशेब असा: तासाला सरासरी 2368 पावलं, सुमारे 700 मीटर अंतर आणि 17 वेळा पडणं. दिवसातून सहा तास असा धुडगूस धरला तर चार किलोमीटरच्या वर चाल झाली. संध्याकाळी माझी कंबर का धरते, ते तेव्हा कळलं. बरं, हे बाळ निघालेलं असतं कुठे? बहुतेक वेळा कुठेच नाही. त्याच गटाच्या नंतरच्या एका अभ्यासात खेळण्यांनी भरलेल्या खोलीत आणि रिकाम्या खोलीत मुलं जवळजवळ सारखीच हिंडली. त्यामुळे खेळणी पसरून त्याला एका जागी बसवायचा माझा बेत मुळातच फसणारा होता.

स्वतःच्या उंचीवरून पडलं तर सहसा फारसं लागत नाही. वजन कमी, उंची कमी, त्यामुळे आदळण्याचा जोरही कमी. खरी धास्ती दिवाणाची. रांगता असताना धाकटा दिवाणाच्या कडेला येऊन थबकायचा, पाठ फिरवून पाय खाली सोडायचा. चालू लागल्यावर तोच पोट्टा सरळ हवेत पाऊल टाकतो! हेसुद्धा अॅडॉल्फ यांनी उतरत्या फळ्यांवर पाहिलंय. रांगण्यात मुरलेली बाळं तीव्र उतार टाळतात, पण चालू लागताच त्याच उतारावर बेधडक निघतात. रांगताना आलेली समज उभ्या अंगाच्या कामी येत नाही, ती नव्याने मिळवावी लागते. म्हणून "आता त्याला कळतं" असं ज्या आठवड्यात वाटतं, नेमकं त्याच आठवड्यात लक्ष जास्त हवं.

थोरलीची गोष्ट वेगळी. "बाळाला दाणे द्यायचे नाहीत" हे ती मला घडाघडा म्हणून दाखवते आणि म्हणता म्हणता देते. आवरतं घेण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं आणि तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. अडीच वर्षांच्या मुलीवर पहारा सोपवणं हा माझाच मूर्खपणा. दाणा भरडायला लागणाऱ्या दाढा बाळाला नसतात, तो घसरून थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो. चार वर्षांपर्यंत अख्खे दाणे बंद, कूट चालतं.

कूलरचं दुखणं दुहेरी. पत्र्याचं अंग, पाणी आणि वीज एकत्र, म्हणून अर्थिंग तपासून घेतलं आणि वीज गळली की प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. दुसरी भीती पाणी भरायच्या बादलीची. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून पाहताना बाळ तोंडावर आत जातं, बाहेर येता येत नाही आणि आवाजही होत नाही. बुडायला वीतभर पाणीही लागत नाही.

वाढदिवसाला आलेला बसायचा वॉकर मात्र खोक्यातच आहे. कॅनडाने 2004 पासून असल्या वॉकरवर बंदी घातली आहे. त्यात बाळ लवकर चालत नाही, जिन्यापर्यंत मात्र लवकर पोचतं. त्यापेक्षा माळ्यावरचा लाकडी पांगुळगाडा बरा. तिथे निदान आपला भार आपल्याच पायांवर पेलावा लागतो. सासूबाईंनी तो काल खाली काढून पुसला. धाकट्याने तो चार पावलं ढकलला, मग थोरली त्यात बसली.