बियाणे धरणे

बियाणे धरणे : घरच्या पिकातील निवडक झाडांची किंवा फळांची बी पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवण्याची रीत. ‘बी धरणे’, ‘बियाण्याला फळ सोडणे’ असेही म्हणतात. संकरित व प्रमाणित बियाणे आल्यापासून मुख्य पिकांत ही रीत बरीच मागे पडली. परसातील भाज्या, वेल आणि कडधान्ये यांत ती अजून चालू असून बव्हंशी बायकांच्या हाती आहे. येथे मुख्यतः महाराष्ट्रातील भाज्या आणि सह्याद्रीतील काही देशी झाडे विचारात घेतली आहेत.

*प्राचीन उल्लेख.* इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत धान्याच्या कणग्यांचे ओटे व साठवणीचे खड्डे सापडले आहेत. त्यांतले खाण्याचे धान्य कोणते आणि बियाण्याचे कोणते, हे अवशेषांवरून वेगळे काढता येत नाही. लेखी उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. त्यात सीताध्यक्षाच्या (राजाच्या शेतीवरील अधिकाऱ्याच्या) प्रकरणात धान्याचे बी पेरण्यापूर्वी रात्री दवात व दिवसा उन्हात ठेवावे, असे सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायातही बी दुधात भिजवून शेणात घोळवण्याची कृती येते. हे दोन्ही उल्लेख पेरणीपूर्व संस्काराचे आहेत, साठवणीचे नव्हेत.

साठवणीविषयी नेमके सांगणारा ग्रंथ म्हणजे कृषिपराशर. माघ-फाल्गुनात सर्व बियाणे गोळा करावे, उन्हात नीट वाळवावे, खाली जमिनीवर ठेवू नये, त्यात दुसरे धान्य मिसळू देऊ नये. एकरूप बीच भरघोस फळते, असे त्यात म्हटले आहे. ग्रंथाच्या काळाविषयी तीव्र मतभेद आहेत. एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशनच्या आवृत्तीत तो इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुमाराचा मानला आहे. इतिहासकार लल्लनजी गोपाल यांनी तो इ. स. सुमारे ९५० ते ११०० या काळात बसवला आहे. ग्रंथात राशी व लग्ने (पूर्वेला उगवणाऱ्या राशी) यांचा सहज वापर आहे आणि भारतीय ज्योतिषात राशींचा प्रवेश इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांच्या फार मागे नेता येत नाही. त्यामुळे आजचा पाठ तरी उत्तरकालीन मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यातील काही श्लोक जुन्या परंपरेतून आले असणे अशक्य नाही. ग्रंथाचा रोख पूर्वेकडील भातशेतीवर आहे. दख्खनच्या कोरडवाहू शेतीला त्यातील महिने जसेच्या तसे लागू करणे बरोबर नाही. मराठी लिखाणात ते अनेकदा केले जाते.

घटस्थापनेला घटाभोवती धान्य पेरतात, ती बियाण्याची उगवण तपासण्याची जुनी रीत होय, असे मत अलीकडे वारंवार मांडले जाते. परंतु घटात सहसा अनेक धान्ये एकत्र पेरतात, आणि एका वाणाची उगवण मोजायला हे सोयीचे नाही. विधी मुळात सुफलनाचा असून तपासणीचा उपयोग आनुषंगिक असावा. प्रत्यक्ष तपासणीची रीत साधी आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळतात आणि काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजतात. सोयाबीनला शंभरात सत्तर दाणे उगवले तर बियाणे चालते.

*वालाचे मूळ.* वाल (पावटा, लॅब्लॅब पर्प्युरियस) हे घरी बी धरण्याच्या परंपरेचे ठळक उदाहरण आहे. खाण्याचा आणि पेरण्याचा दाणा एकच, फूल बहुधा स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारे), त्यामुळे गावोगावी, किंबहुना घरोघरी, रंगाने व आकाराने वेगळे वाण टिकून राहिले. वाणांच्या या विपुलतेवरून वालाचे मूळ भारतात असल्याचे पूर्वी मानत. दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन स्थळांवर इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील वालाचे दाणे मिळाल्याने त्या मताला बळही आले. मात्र खात्रीने रानटी म्हणता येतील अशी झाडे आफ्रिकेत सापडतात, आणि भारतात रानटी दिसणारी झाडे लागवडीतून सुटलेली असण्याचा संभव आहे. जनुकीय अभ्यासांचा कल आफ्रिकेकडे आहे. अलीकडे तर दोन-दाणी आणि चार-दाणी वाल स्वतंत्रपणे लागवडीखाली आले असावेत, असेही सुचवले गेले आहे. भारत हे वालाच्या विविधतेचे दुय्यम केंद्र मानल्यास दोन्ही प्रकारच्या पुराव्यांचा मेळ बसतो. आफ्रिकेतून तो कोणत्या मार्गाने आला, हा प्रश्न उरतोच.

*परागण व भेसळ.* बियाणे बिघडते ते साठवणीत, असा समज आहे. भाज्यांत ते अधिक वेळा फुलातच बिघडते. वाल, घेवडा, टोमॅटो ही पिके बहुतांशी स्वपरागित असल्याने जवळजवळ लावली तरी वाण फारसे बदलत नाहीत. वांगी, मिरची आणि भेंडी यांत मधमाश्यांमुळे बराच संकर होतो. कांदा, मुळा आणि सर्व वेलभाज्या परपरागित (दुसऱ्या फुलाच्या परागाने फळणाऱ्या) आहेत.

वेलांविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. काकडीशेजारी कडू वेल असला की काकडी कडू होते, असे म्हणतात. पण परागाचा परिणाम त्याच फळाच्या गरावर होत नाही. तो त्या फळातल्या बीमधून पुढच्या पिढीत दिसतो. काकडीचा संकर चिबूड किंवा वाळकाशी होत नाही. चिबूड व वाळूक मात्र एकाच जातीचे असल्याने एकमेकांत सहज मिसळतात. दोडका व घोसाळे यांचाही संकर होऊ शकतो, पण घोसाळ्याची फुले सकाळी आणि दोडक्याची दिवस कलल्यावर उमलतात, त्यामुळे परसात तो क्वचितच घडतो. दुधीचे बी धरताना त्याच वेलाचे एक कोवळे फळ चाखून पाहावे. कडू लागल्यास थुंकून टाकावे आणि वेल बियाण्यास ठेवू नये. कडू दुधी खाण्यासही घातक असतो.

*बी काढणे.* वांग्याचे फळ भाजीच्या अवस्थेत तोडून चालत नाही. झाडावरच पिवळे-तपकिरी होईपर्यंत ठेवावे लागते. मग गर पाण्यात चोळून तळाशी बसलेले बी घ्यायचे, तरंगलेले टाकायचे. टोमॅटोच्या बियांवरचा चिकट थर काढण्यासाठी गर रसासकट एक-दोन दिवस आंबवतात. काकडी व भोपळ्याच्या बिया शेणात कालवून त्या गोळ्याची चकती भिंतीवर थापण्याची चाल अनेक खेड्यांत आहे. पेरणीच्या वेळी चकती फोडली की बिया सुट्या होतात. कांद्याला दोन हंगाम लागतात. पहिल्या हंगामातले निवडक कांदे पुन्हा लावून त्यांचे डेंगळे (फुलांचे दांडे) येऊ द्यावे लागतात, आणि हे बी साधारण वर्षभरातच निकामी होऊ लागते. भेंडीच्या शेंगा झाडावरच वाळू देतात. पहिली शेंग तोडून खायची की बियाण्यास सोडायची, यावर घरोघरी वाद असतात.

संकरित वाणाचे बी धरल्यास पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. सरळ (संकरित नसलेल्या) वाणांना हा प्रश्न नाही.

*साठवण.* बियातील ओलावा एक टक्क्याने घटला की तिचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, आणि तापमान सुमारे ५° से. उतरले तरीही तेच घडते. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा हा नियम प्रसिद्ध आहे. कणग्या, राख घातलेली मडकी, भोपळ्याच्या तुंब्या, चुलीवर टांगलेली कणसे या सर्वांचे काम ओलावा कमी राखणे हेच. राख आणखी एक काम करते. दाण्यांमधल्या फटी भरून ती भुंग्यांच्या हालचालीला अडवते. कडधान्यावरील भुंगा पुष्कळदा शेतातच शेंगांवर अंडी घालतो, म्हणून मळणीनंतर लगेच कडक ऊन देणे आवश्यक असते.

*देशी झाडे.* सर्व बिया वाळवून टिकत नाहीत. आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांच्या बिया वाळल्या की मरतात; फळ खाल्ले की त्या लवकरच लावाव्या लागतात. कोकमात आणखी अडचण अशी की नर व मादी झाडे वेगळी असतात आणि रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. त्यामुळे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’सारख्या वाणांची लागवड कलमांनी करतात. याउलट बहाव्याचे टणक बी वर्षानुवर्षे राहते, पण गरम पाण्यात भिजवल्याशिवाय किंवा घासल्याशिवाय नीट उगवत नाही. सागाची फळे आलटून पालटून भिजवतात व वाळवतात. करटोली ही रानभाजीही नर-मादी वेगळी असणारी असून तिची लागवड मुख्यतः कंदांपासून होते.

*संस्था व कायदा.* १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे एक केंद्र अकोला येथे आहे. गावपातळीवर कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांचा बियाणे संग्रह सर्वांत परिचित असून त्यात वालाचे अनेक वाण आहेत. या कामी त्यांना ‘बाएफ’ या संस्थेचे साहाय्य लाभले. त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मधील कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. हा हक्क संरक्षित वाणांनाही लागू होतो. अट एकच, की संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.