आयजीएफ-१ तपासणी: प्रश्न उंचीचा, आकडा यकृताचा

मुलाची उंची वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृतात बनणारं वाढीचं प्रथिन) ही रक्ततपासणी लिहून दिली, की आमच्या लॅबच्या काउंटरवर पालक हमखास विचारतात, "थेट ग्रोथ हार्मोनच का नाही तपासत?"

कारण ते रक्तात टिकत नाही. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी ते थांबून थांबून सोडते, रात्रीच्या गाढ झोपेत भरपूर. आणि साधारण २० मिनिटांत ते निम्म्यावर येतं. सकाळी १० वाजता आकडा जवळजवळ शून्य आला, तरी मूल ठणठणीत असू शकतं.

ग्रोथ हार्मोनचं मोठं काम यकृतात चालतं. तिथे ते पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणावर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिनं, जोडीने असतात. हार्मोनचा एकच रेणू दोघांना धरतो, तशी जोडीची आतली बाजू किंचित फिरते. तिथली जॅक-२ नावाची एन्झाइम्स एकमेकांना फॉस्फेट लावून जागी होतात, मग रिसेप्टरच्या शेपटीलाही लावतात. त्या शेपटीवर स्टॅट-५बी हे प्रथिन येऊन बसतं, त्यालाही फॉस्फेट लागतो, आणि जोडी जमवून ते केंद्रकात जातं. तिथे आयजीएफ-१चं जनुक चालू होतं. याच संदेशातून सॉक्स नावाची प्रथिनंही बनतात. ती जॅक-२ला आवरतात, म्हणजे थांबवायची सोयही पेशीतच. इतकी वर्षं हे काम करूनही आम्हाला याचं नवल वाटतं.

तयार झालेलं आयजीएफ-१ रक्तात दुसऱ्या प्रथिनांना बांधलेलं राहतं, त्यामुळे त्याचा आकडा दिवसभर फारसा हलत नाही. एवढ्या एका तपासणीसाठी विरारहून पहाटेची लोकल पकडून मुलाला उपाशी आणू नका.

आकडा कमी आला म्हणजे हार्मोन कमी, असं मात्र परस्पर ठरवू नका. मूल पुरेसं जेवत नसेल, थायरॉइड कमी असेल, यकृताचा आजार असेल, तरी आयजीएफ-१ खाली येतं. इस्रायली डॉक्टर लॅरॉन आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली वर्णन केलेल्या आजारात तर ग्रोथ हार्मोन भरपूर आणि आयजीएफ-१ नगण्य असतं. दोष बहुधा रिसेप्टरमध्येच असतो. अशा मुलाला ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन देऊन काय होणार? म्हणून उंची वाढवणाऱ्या पावडरी घेण्याआधी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

नॉर्मल आकडे वयाप्रमाणे बदलतात, वयात येताना सर्वांत जास्त असतात. तेव्हा फॉर्मवर जन्मतारीख अचूक लिहा. बायोटिनच्या (केस-नखांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू असतील तर सुई टोचण्याआधी सांगा. काही मशीनवर त्याने आकडा चुकतो. उंचीच्या जुन्या नोंदी, शाळेतल्या असल्या तरी चालतील, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.