फाइलवाचनाचा लूप

फाइलवाचनाचा लूप : फाइलीतील माहिती एकेक ओळ, संख्या किंवा अक्षर या क्रमाने उचलून ती संपेपर्यंत तीच क्रिया संगणकाकडून पुन्हा पुन्हा करवून घेणारी आज्ञारचना. नवशिक्याला आधी मोजणीचा लूप शिकवतात. तेथे फेऱ्या किती हे सुरुवातीलाच ठाऊक असते. फाइलीत नोंदी किती आहेत हे मात्र सहसा माहीत नसते. त्यामुळे या लूपची खरी अडचण पुनरावृत्तीची नसून थांबण्याची आहे.

या कल्पनेचे मूळ शोधताना सोलापुरी चादरीच्या मागापाशी यावे लागते. जकार्ड मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी असते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक पुठ्ठा वाचला जातो आणि त्यानुसार ताण्याचे ठरावीक धागे उचलले जातात. ही यंत्रणा जोझेफ मारी जकार याने १८०४-०५ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केली असे मानतात. तथापि बाझिल बुशों (१७२५) आणि नंतर व्होकांसाँ यांचे काम तिच्या मुळाशी असल्याने जकारला शोधाऐवजी यशस्वी जुळणीचे श्रेय देणे अधिक रास्त होय. चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित वैश्लेषिक यंत्रासाठी (यांत्रिक संगणकासाठी) हेच पुठ्ठे स्वीकारले, आणि १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणांत एडा लव्हलेस हिने क्रियांच्या ‘आवर्तना’ची चर्चा केली. ‘लूप’ हा शब्द मात्र, एका मतानुसार, १९४४ च्या हार्वर्ड मार्क-१ या गणनयंत्रावरून आला. त्यात आज्ञांच्या कागदी फितीची दोन टोके चिकटवून ती गोल फिरवीत असत. कल्पना लव्हलेस-बॅबेज यांची आणि शब्द फितीचा, ही विभागणी त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. तरीही मागाचे साम्य फार ताणू नये. मागावरील साखळीचीही टोके जोडलेली असतात आणि नक्षी विणकराने माग थांबवीपर्यंत उमटत राहते. फाइलीला मात्र शेवट असतो, आणि तो प्रोग्रामला ओळखावा लागतो.

पंचकार्डांच्या (माहितीसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या) काळात गठ्ठ्याच्या शेवटी ९९९९ सारखी खूणसंख्या ठेवण्याची रीत होती. ती खूण खऱ्या माहितीतच आली तर वाचन अर्ध्यावर थांबे. कोबोल या प्रोग्रामिंग भाषेने ‘शेवट आल्यास’ अशा अर्थाचे कलम वाचनाच्या आज्ञेलाच जोडले. पास्कल भाषेत वाचण्यापूर्वी विचारायचे की पुढे काही उरले आहे काय. सी भाषेत आधी वाचायचे आणि वाचन फसले तर शेवट आला असे समजायचे. पास्कलची सवय सीमध्ये नेल्यास नवशिक्याची सर्वांत परिचित चूक घडते.

समजा, सोलापूर बाजार समितीतील कांद्याच्या गाड्यांची तीन दिवसांची नोंद एका फाइलीत ४०, ३५ आणि ५० अशी ओळीने लिहिलेली आहे. सीमध्ये ‘एफईओएफ (आधीच्या वाचनात शेवट लागला का हे सांगणारी आज्ञा) खोटे आहे तोवर’ अशी अट घालून आत एफस्कॅनएफ या वाचनाच्या आज्ञेने संख्या वाचली, तर बेरीज १२५ ऐवजी १७५ येते. ५० वाचून झाल्यावर ओळ संपल्याचे चिन्ह अजून उरलेले असते, शेवटाला स्पर्श झालेला नसतो, म्हणून लूप आणखी एकदा फिरतो. ते वाचन फसते, परंतु चलात (मूल्य साठवण्याच्या जागेत) जुने ५० तसेच राहून पुन्हा मिळवले जातात. ५० नंतर एन्टर दाबलेलेच नसेल, तर संख्या वाचतानाच शेवट लागतो आणि उत्तर बरोबर येते. एकच प्रोग्राम एका मुलाच्या फाइलीवर चालतो आणि शेजारच्याच्या फाइलीवर चुकतो, तो यामुळे. उपाय असा की एफस्कॅनएफने परत केलेली संख्या (किती मूल्ये वाचली गेली) हीच लूपची अट करावी. ती १ असेल तरच आत शिरावे.

सीच्या गेटचार या एकेक अक्षर वाचणाऱ्या आज्ञेने वाचताना उत्तर ‘कॅर’ (अक्षर) ऐवजी ‘इंट’ (पूर्णांक) प्रकारच्या चलात ठेवतात, कारण शेवटाची खूण प्रत्येक संभाव्य अक्षरमूल्यापेक्षा वेगळी राहिली पाहिजे.

पायथन भाषेत २.२ आवृत्तीपासून (२००१) फाइलीवर थेट ‘फॉर’ लूप लावता येतो आणि शेवट ओळखण्याचे काम भाषाच करते. रीडलाइन ही एकेक ओळ वाचणारी आज्ञा वापरल्यास शेवटी रिकामी स्ट्रिंग (अक्षरमाला) मिळते, तर कोऱ्या ओळीतही ओळ संपल्याचे चिन्ह असते. ते चिन्ह आधीच छाटून मग तपासणी केली, तर पहिल्याच कोऱ्या ओळीवर लूप थांबतो.

मराठी मजकुराची फाइल सीमध्ये बाइट-बाइटने वाचणे टाळावे. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि ‘सो’ हे एक अक्षर दोन चिन्हांचे, म्हणजे सहा बाइटांचे होते. ओळीच्या सीमेवर मात्र हे बाइट कधी तुटत नाहीत.